प्रश्न तुमचे: हेवलेरचा ओसाड मिनार आणि भरलेली मशीद

मागच्या महिन्यात या सदरात हेवलेरचा नुसता उल्लेख केला होता. इराकच्या कुर्दिस्तान प्रदेशाची ही राजधानी, नकाशावर एर्बिल म्हणून सापडते, कुर्दी लोक मात्र हेवलेरच म्हणतात. तेवढ्या एका वाक्यावर इतके मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. जवळजवळ सगळे प्रश्न तिथल्या मशिदींबद्दल आहेत आणि याचं मला खूप बरं वाटलं. माझा भाचा तिथे नोकरीला होता तेव्हा मी बारा दिवस राहून आले, त्यामुळे काही गोष्टी पायी फिरून बघितलेल्या आहेत आणि काही आल्यावर वाचून समजून घेतलेल्या.

ताई, मुलगा हेवलेरला कन्स्ट्रक्शनमध्ये आहे, दिवाळीनंतर आम्ही दोघं तीन आठवडे जातोय. तो दिवसभर कामावर असणार. जुन्या-नव्या मशिदी बघायची फार इच्छा आहे, पण आपल्याला आत सोडतात का? सुरुवात कुठून करू? माझं वय ६८, हिचे गुडघे दुखतात.
एक वाचक, कारेलीबाग

काका, सोडतात. नमाजाची वेळ सोडून गेलात, चपला काढल्या, डोकं खाली घालून शांतपणे आत शिरलात तर कोणी अडवत नाही, उलट कोणीतरी येऊन कुठून आलात विचारतं आणि हिंदिस्तान म्हटलं की चेहराच खुलतो. "सर चाव" म्हणतात, म्हणजे तुम्ही आमच्या डोळ्यांवर, आपण शिरसावंद्य म्हणतो ना तसंच, फक्त ते रोज दहा वेळा म्हणतात आणि दर वेळी मनापासून म्हणतात. निघण्याआधी तेवढी आपल्या सरकारची प्रवासाची सूचना वाचून घ्या, बगदादकडचे नियम आणि कुर्दिस्तान प्रदेशाचे नियम वेगळे असू शकतात, आणि हेवलेरला आपलं कॉन्सुलेट आहे त्याचा नंबर मुलाकडे असू दे.

सुरुवात किल्ल्यापासून करा कारण गावच त्याच्याभोवती गोल गोल वाढलंय, रिंग रोडसुद्धा त्यालाच मध्ये धरून काढलेत. किल्ला म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतो तसा डोंगरी किल्ला नव्हे. हजारो वर्षं एकाच जागी लोक राहत गेले, जुनं घर पडलं की त्याच मातीवर नवं बांधलं, असं करत करत तीसेक मीटर उंचीचं टेकाड तयार झालं आणि वरच्या कडेच्या घरांच्या भिंती म्हणजेच किल्ल्याची भिंत. २०१४ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं. तिथली कुटुंबं २००७ च्या आसपास दुरुस्तीसाठी खाली हलवली तेव्हा एक घर मुद्दाम वर ठेवलं, का तर वस्ती एक दिवससुद्धा तुटू नये. हे ऐकून मला देवापुढचा नंदादीप आठवला, आपणही त्याला विझू देत नाही.

वर मुल्ला अफंदी मशीद आहे, किल्ल्याची मोठी मशीद. मुल्ला अफंदी हे हेवलेरचे फार मानले गेलेले विद्वान, १९४२ मध्ये गेले, त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या याच मशिदीत शिकवायची परंपरा. शेजारी १७७५ चा हमाम आहे. आत्ताची इमारत फार पुरातन नाही, जुन्या जागी पुन्हा बांधलेली आहे, पण जागा जुनी. मला दार बंद मिळालं, किल्ल्यात सारखं दुरुस्तीचं काम चालू असतं त्यामुळे कुठली गल्ली खुली आणि कुठली बंद हे त्या दिवशीच कळतं. बाहेरून मिनार बघितला आणि उंबऱ्याशी दहा मिनिटं बसले. काकूंना चढ जमत असेल तरच वर न्या, घाई करू नका. नाही जमलं तर खाली कैसरी बाजाराजवळ माचको नावाचं चहाचं दुकान आहे, १९४० पासूनचं, किल्ल्याच्या पायथ्यालाच, तिथे बसून छोट्या काचेच्या पेल्यात, इस्तिकान म्हणतात त्याला, काळा चहा प्यायचा आणि वर मान करून टेकाड बघायचं. चहात साखर आपल्या बडोद्याच्या चहालाही मागे टाकेल इतकी, डायबिटीस असेल तर आधीच सांगा.

आता मला खरं ज्याच्याबद्दल सांगायचंय तो मिनार. मुझफ्फरिया मिनार, लोक चोली मिनार म्हणतात. चोल म्हणजे ओसाड रान. एकेकाळी तिथे मशीद आणि मदरसा होता, भोवती वस्ती होती, ते सगळं गेलं, गाव किल्ल्याकडे आक्रसलं आणि हा एकटा रानात उभा राहिला म्हणून चोली. आज भोवती बाग आहे, सपाट आहे, काकूंच्या गुडघ्यांना काही त्रास नाही, आणि शेजारच्या शानिदार पार्कातून इकडे यायला रोपवे आहे, पावागडला आहे त्याचं छोटं भावंड म्हणा, चालू असला तर जरूर बसा.

मिनार ३६ मीटरचा, सगळा विटांचा, खाली अष्टकोनी जोतं आणि वर गोल, निमुळता होत जाणारा, टोक केव्हाच पडून गेलंय. बांधला मुझफ्फरुद्दीन कोकबुरीने, ११९० ते १२३३ त्याचं राज्य होतं. म्हणजे आपला कुतुबमिनार उठायला लागला त्याच सुमाराचा हा, उंचीला साधारण निम्मा. हा कोकबुरी सलाहुद्दीनचा मेहुणा, बहीण राबिया खातून दिलेली त्याला. सलाहुद्दीन कुर्द, कोकबुरी तुर्कमान, आणि आज कुर्दी शहर या दोघांचंही नाव आपलं म्हणून घेतं.

या राजाची माहिती आपल्याला मिळते ती इब्न खल्लिकानकडून. तो हेवलेरचाच, १२११ चा जन्म, पुढे मोठा काझी आणि चरित्रकार झाला. त्यानं लिहिलंय की कोकबुरीनं आंधळ्यांसाठी, विधवांसाठी, टाकून दिलेल्या पोरांसाठी घरं बांधली आणि स्वतः जाऊन त्यांची विचारपूस करायचा. पण मला सगळ्यात आवडली ती पैगंबर जयंतीची, मौलीदची गोष्ट. तो उत्सव एवढ्या थाटानं करायचा की आधी कितीतरी दिवस लाकडी मंडप उभे राहायचे, तेही मजल्यावर मजले चढवलेले, लांबलांबून विद्वान, सूफी, गाणारे यायचे, आणि आदल्या रात्री किल्ल्यावरून मशालींची मिरवणूक निघायची. आता तारीख कोणती यावर विद्वानांत मतभेद, कोणी रबी उल अव्वल महिन्याची ८ म्हणे कोणी १२, तर या राजानं काय करावं, एक वर्ष आठला साजरी करायची, पुढच्या वर्षी बाराला! स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी ज्यांच्या घरात वेगवेगळ्या दिवशी होते त्यांना यातला समजूतदारपणा लगेच कळेल.

मी संध्याकाळी गेले होते. बागेत घरचे डबे घेऊन आलेली माणसं, द्राक्षाच्या पानांतला भात, पोरं सायकलींवर. मी जोत्यावरचे कोनाडे बघत होते तर एक म्हातारे गृहस्थ छत्री टेकत आले, डोक्याला काळा-पांढरा कुर्दी रुमाल गुंडाळलेला, आणि काही न बोलता छत्रीचं टोक वर एका जागी धरलं. मला आधी काहीच दिसेना. मग विटांच्या नक्षीत मधेच निळसर हिरवा तुकडा चमकला, खालून दिसायला नखाएवढा, त्याच्या वर अजून एक, अजून एक. मी म्हटलं पिरोजा? त्यांनी मान डोलावली. आपला पिरोजी रंग हा शब्द फारसीतूनच आलाय. आठशे वर्षांपूर्वी हा मिनार म्हणजे सगळीकडून निळे तुकडे लखलखणारा असणार, आता डोळे बारीक करून शोधावे लागतात. काका, दुर्बीण असेल तर न्या, नुसता फोटो काढून परत फिरलात तर हे हाती लागणार नाही.

आणि तिसरी, जलील खय्यात मशीद. २००७ मध्ये पुरी झाली, हेवलेरमधली सर्वात मोठी. बांधायला घेणारे जलील खय्यात ती पुरी व्हायच्या दोन वर्षं आधी गेले, मुलांनी काम तडीस नेलं. खय्यात म्हणजे शिंपी. तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात लिहितेच, पण तुम्हाला एवढंच सांगते की तीन आठवडे हातात आहेत तर या एका मशिदीत दोनदा जा. एकदा सकाळी दहा-अकराला, रिकामी असते तेव्हा, आणि एकदा संध्याकाळच्या नमाजानंतर लोक रेंगाळत असतात तेव्हा. शुक्रवारी दुपारी अजिबात नको. मी नेमकी शुक्रवारी सव्वाबाराला पोचले होते, आत रांगा भरत चाललेल्या, बाहेर चादरी अंथरलेल्या, आणि मी कॅमेरा गळ्यात घालून दारात. कोणी काही बोललं नाही पण एका बाईनं माझ्या कॅमेऱ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. आपल्या घरी पंगत बसलेली असताना कोणी घर बघायला आलं तर कसं वाटेल, तसं झालं ते. शुक्रवार-शनिवार तिथे सुट्टी असते, त्यामुळे मुलगा म्हणेल शुक्रवारीच जाऊ, तर त्याला शनिवार सांगा.

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इन्स्टावर जलील खय्यात मशिदीचे फोटो बघितले. सगळं इस्तंबूल आणि कैरोचं कॉपी वाटतं. चोली मिनारसारखं अस्सल सोडून असं नवीन बघण्यात वेळ का घालवायचा?
एक वाचक, दांडिया बाजार

अगं, प्रश्न चांगला विचारलास आणि तुझं निरीक्षण बरोबर आहे, इस्तंबूलची निळी मशीद आणि कैरोची मुहम्मद अलीची मशीद या दोघींची छाप तिच्यावर स्पष्ट आहे. पण जरा मागे जा. कैरोची ती मशीद १८३० नंतरची, ती स्वतःच इस्तंबूलकडे बघून बांधलेली. इस्तंबूलची निळी १६१६ ची, ती तुर्की वास्तुकार सिनानच्या मशिदींकडे बघून. सिनानचं आयुष्य हागिया सोफियाशी टक्कर देण्यात गेलं आणि ती तर ५३७ मधलं चर्च. मग कॉपी म्हणून रेघ कुठे मारायची? मधे एक मोठा घुमट, त्याला टेकू द्यायला अर्धे घुमट, आणि वजन असं खाली उतरवत आणायचं की मधली जागा बिनखांबांची मोकळी राहील, ही युक्ती दीड हजार वर्षं हातोहात फिरतेय. हेवलेरच्या शिंप्यानं ती उचलली तर त्यात कमीपणा काय. आपण बडोदेकर लक्ष्मीविलास पॅलेसवर जीव टाकतो, १८९० चा तो, त्यात राजपूत झरोके आहेत, मुघल घुमट आहेत, युरोपातल्या रंगीत काचा आहेत, सगळं उसनं एकत्र केलेलं, आणि तरी तो आपलाच आहे ना.

आता तू चांपानेरची जामी मशीद नक्की केली असशील, स्टडी टूर तिथेच असते. तिथे खांबांचं रान आहे, माणूस खांबांमधून वाट काढत पुढे जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीत मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा. आपल्या डोक्यात मशीद म्हणजे पश्चिमेला तोंड हे इतकं पक्कं बसलंय की मी हेवलेरला आत शिरले आणि दिशाच चुकले. मक्का तिथून दक्षिणेला आहे, किंचित पश्चिमेकडे. त्यामुळे मेहराबची भिंत दक्षिणेची. आणि हा फरक नुसता नकाशावरचा नाही, उजेडाचा आहे. चांपानेरला संध्याकाळी ऊन मेहराबच्या मागे जातं. हेवलेरला थंडीत दुपारी ऊन दक्षिणेकडून, म्हणजे नमाज करणाऱ्यांच्या समोरून येतं, रंगीत काचांतून गालिच्यावर पडतं, आणि मी बसले होते तेवढ्या वेळात निळा पट्टा एका रांगेच्या रेघेवरून दुसरीवर सरकला. प्लॅनमध्ये हे दिसत नाही गं, बसावं लागतं.

अस्सल म्हणशील तर मिनार अस्सलच आहे, वादच नाही, विटेची ती नक्षी बघून हात जोडावेसे वाटतात. पण त्याच्याखाली आता कोणी नमाज करत नाही, मशीदच नाही ना राहिली. जलील खय्यातमध्ये मी बघितलं, दोन शाळकरी मुलं गालिच्यावर उताणी पडून घुमट बघत होती, एकजण बोट वर करून अक्षरं मोजत होता. एका कोपऱ्यात कोणी पाठ टेकून पेंगत होतं. पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स दाराशी ठेवलेले, कोणीतरी सवाबासाठी, म्हणजे पुण्यासाठी, आणून दिलेले. कोकबुरीची मशीद १२२० मध्ये अशीच दिसत असणार, नवी कोरी, रंग झगझगीत, आणि तेव्हाही कोणीतरी म्हटलं असेल की हे इराणी लोकांचं उचललंय. मिनार बघताना त्याच्या पायाशी ही पोरं मनात ठेवून बघ. म्हणून माझं म्हणणं आहे की दोन्ही बघ, आणि नवीन आधी बघ.

स्केच करायचं असेल तर बिनधास्त कर, कॅमेऱ्यापेक्षा वही लोकांना जास्त आवडते, माझ्या शेजारी चारजण येऊन बसले होते. माणसं नमाजात असताना मात्र त्यांच्या समोरून जायचं नाही, मागून जायचं.

ताई, बायकांना आत जाता येतं का? कपडे काय घालू? साडी चालेल? आणि अडचणीचे दिवस असले तर?
दोन-तीन वाचक, वडोदरा आणि इंदूर

येतं. मोठ्या मशिदींत बायकांचा भाग वेगळा असतो, दार वेगळं असतं. केस झाकायचे, हात मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत. साडी चालेल पण पोट-पाठ उघडी राहते, त्यामुळे वरून शाल हवीच, आणि पदर डोक्यावरून सारखा सरकतो, म्हणून मी पंजाबी ड्रेस आणि कॉटनची मोठी ओढणी हेच सांगीन. पायात मोजे ठेवा, उन्हाळ्यात अंगणातली फरशी तापते, बडोद्याच्या मे महिन्यासारखाच उन्हाळा तिकडे, चाळिशीच्या वर. अडचणीच्या दिवसांत तिथल्या बायकाही मशिदीत जात नाहीत, तर आपणही बाहेरूनच बघावं, मला तरी तेच बरोबर वाटतं.

एक गोष्ट पुरुष-बायका दोघांनी लक्षात ठेवा, नमाजाला निघालेल्या माणसाशी आपण होऊन हात मिळवायला जाऊ नका, विशेषतः बाईनं पुरुषाशी. कुर्द लोक बहुतेक शाफई पंथाचे (सुन्नींत शाफई, हनफी असे पंथ आहेत), त्यांच्यात वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, केल्यावर परक्या स्त्री-पुरुषाचा स्पर्श झाला की वजू तुटतो, पुन्हा हातपाय धुवावे लागतात. तो बिचारा संकोचानं हात मागे घेतो आणि आपल्याला वाटतं अपमान केला. छातीवर हात ठेवायचा आणि "सुपास" म्हणायचं, म्हणजे धन्यवाद.

मी बायकांच्या भागात गेले तेव्हा एक आजी खुर्चीवर बसून नमाज करत होत्या, झाल्यावर मला हातानं बोलावलं, वरा वरा म्हणाल्या, दानीशे, ये बस. भाषा एकमेकींची येत नव्हती. त्यांनी आपले गुडघे दाखवले, मी माझे दाखवले. मग पर्समधून त्यांनी मलमाची ट्यूब काढून माझ्या हातात ठेवली आणि परत घ्यायला तयारच होईनात. ती संपली पण ट्यूब मी ठेवलीय. कारेलीबागच्या काकूंनी हे वाचावं, आणि तिथे खुर्ची मिळते हेही.

सलाम ताई. आम्ही मूळचे राजापूरकडचे, आजोबा रेल्वेत नोकरीला म्हणून बडोद्याला आले ते इथलेच झालो. घरी मराठी-कोकणी. आम्ही शाफई, पण इथल्या बहुतेक मशिदी हनफी. कुर्द लोक पण शाफई असं ऐकलं, खरं का? आपल्या मुलखाशी त्यांचा अजून काही संबंध?
एक वाचक, तांदळजा

वालेकुम सलाम भाऊ. तुमचं पत्र वाचून मलाच नवं काही सुचलं. हो, सुन्नी कुर्द बहुतेक शाफईच, म्हणजे तुमच्या कोकणातल्या मशिदीत जशी नमाज होते तशीच तिथे मिळेल, आमीन मोठ्यानं म्हणायचं, फज्रला, म्हणजे पहाटेच्या नमाजात, कुनूतची प्रार्थना. इथे तांदळज्यात असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, जमात तुम्हाला उशिरा वाटत असणार, कारण हनफींत सावली वस्तूच्या दुप्पट झाल्यावर असरची वेळ लागते आणि शाफईंत एकपट झाली की लागते, दुपारची मूळ सावली सोडून. हेवलेरला अजान आजोबांच्या गावच्या हिशेबानं होईल. इतर वाचकांनीही हे ध्यानात ठेवावं, बडोद्याच्या अंदाजानं साडेचार-पाचपर्यंत मशीद रिकामी मिळेल असं धरून गेलात तर चुकेल, थंडीत तर असर खूपच लवकर असते.

जुम्म्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, कुर्दी भाषेत देतात. आणि इमामाला ते मामोस्ता म्हणतात, शाळेतल्या गणिताच्या शिक्षकालाही मामोस्ताच, आपल्या मास्तरसारखा शब्द. मला हे फार आवडलं.

संबंध म्हणाल तर मोठा आहे आणि आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. मौलाना खालिद म्हणून कुर्दी सूफी होऊन गेले, १७७९ चा जन्म, शहरजोरच्या मुलखातले. १८०९ च्या सुमारास गुरूच्या शोधात थेट दिल्लीला आले, शाह गुलाम अली देहलवींच्या खानकाहत, म्हणजे सूफींच्या मठात, जवळपास वर्षभर राहिले, नक्शबंदी या सूफी परंपरेची दीक्षा घेतली आणि परत गेले. त्यानंतर ती शाखा कुर्दिस्तान, तुर्कस्तान, शाम (सीरिया), कॉकेशसपर्यंत अशी पसरली की त्यांच्या नावानं खालिदीच म्हणतात तिला. हेवलेरहून सुलेमानीला गेलात, १७८४ मध्ये बाबान घराण्यानं वसवलेलं शहर ते, तर तिथे त्यांची खानकाह आहे. शिवाय तिथल्या मोठ्या मशिदीत काक अहमदी शेख यांची कबर आहे आणि इंग्रजांशी लढलेल्या शेख महमूद बर्जंजींचीही. कुर्दी माणूस तिथे फातिहा वाचायला जातो तो धर्मासाठी आणि अभिमानासाठी, दोन्हीसाठी जातो. तुम्ही जाल तर मामोस्तांना सांगा की दिल्लीच्या देशातून आलोय, शाफई आहे, आणि माझी भाषा मराठी.

आमची टूर पूर्व तुर्कस्तानची आहे, इराकला जायची हिंमत नाही. तिकडे कुर्दी शहरात बघण्यासारखी मशीद आहे का?
एक वाचक, मांजलपूर

दियारबकीर! कुर्दी लोक आमेद म्हणतात. तिथली उलू जामी म्हणजे थोरली मशीद, अनातोलियातल्या सगळ्यात जुन्या मशिदींत धरतात. ६३९ मध्ये गाव मुसलमानांच्या हाती आलं, मार तोमा चर्चच्या जागी मशीद झाली, आणि आज दिसते तिचा गाभा १०९१ च्या सुमारचा, सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या काळचा, दमास्कसच्या उमय्यद मशिदीच्या धर्तीवर. अंगणात उभं राहून चारी बाजू बघा, एका बाजूच्या कमानींत रोमन काळचे कोरीव खांब जसेच्या तसे बसवलेत, प्रत्येकाची नक्षी वेगळी. आणि दगड काळा! कराजादागच्या ज्वालामुखीचा बसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आहे ना तोच प्रकार. महाराष्ट्रातले काळे वाडे आणि घाट ज्यांनी बघितलेत त्यांना ते अंगण परकं वाटणारच नाही, मला तिथले फोटो बघून वाईची आठवण आली. गावाचा कोटही याच दगडाचा, जवळपास सहा किलोमीटर, २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत.

तांदळज्याच्या भाऊंनी हेही वाचा, उलू जामीत हनफींचा भाग वेगळा आणि शाफईंचा वेगळा, एकाच अंगणात.

जवळच चार पायांचा मिनार आहे, खरंच चार बुटक्या दगडी खांबांवर उभा, रस्त्याच्या मधोमध, साधारण १५०० सालचा. खालून सात वेळा गेलं की इच्छा पुरी होते म्हणतात, पोरं पळत पळत मोजतात. याच मिनारापाशी नोव्हेंबर २०१५ मध्ये शहराच्या वकील संघटनेचे अध्यक्ष ताहिर एल्ची गोळी लागून गेले, जुन्या वास्तू वाचवा, इथे लढाई नको असं सांगायला ते तिथे उभे होते. त्यानंतरच्या महिन्यांत जुन्या गावाचा बराच भाग उद्ध्वस्त झाला. तिथे फोटो काढताना हे माहीत असलेलं बरं, गाइड सांगेलच असं नाही.

टूरवाले उलू जामीला बहुतेक अर्धा तास देतात. तुम्ही आधीच सांगून ठेवा की समोरच्या हसन पाशा खानात नाश्ता करायचा आहे, तिथला नाश्ता प्रसिद्ध आहे, म्हणजे आपोआप दोन तास मिळतील. अंगणात एका खांबावर दगडी छायाघड्याळ आहे. लोक ते अल जझरीचं मानतात, बाराशेच्या सुमारास याच गावच्या दरबारात पाण्याची घड्याळं आणि यंत्रं करणारा कारागीर. ऊन असेल तर त्याच्या सळईची सावली कुठल्या रेघेवर आहे ते बघा, फोटो काढा, आणि मला पाठवाल तेव्हा तुमच्या मनगटावरच्या घड्याळात किती वाजले होते तेही लिहा.